न वाचलेल्या संहितेचे संपादन

संगणकीय खेळांच्या जगात नवख्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो : हा खेळ मी पहिल्यांदाच खेळणार आहे, तर सुरू करण्यापूर्वी कोणकोणते मॉड घालून घेऊ? त्याचे उत्तरही ठरलेले असते. कोणीतरी मुरलेला खेळाडू 'अत्यावश्यक' अशा शीर्षकाखाली तीस-चाळीस नावांची यादी त्याच्या हाती ठेवतो, नवखा ती मुकाट्याने उतरवून घेतो, आणि ज्या खेळाचा एक क्षणही त्याने अनुभवलेला नाही त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती खेळू लागतो. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे, त्यावर दिली जाणारी यादी त्याहून चुकीची आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी या साऱ्याकडे पोरखेळ म्हणून पाठ फिरवणे सर्वांत चुकीचे आहे. कारण येथे जे घडते त्याचा संबंध थेट वाचनाशी आहे.

ज्यांना हा प्रांत अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. मॉड म्हणजे मूळ खेळात खेळाडूंनीच केलेली भर, फेरफार अथवा काटछाट. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने २००२ साली 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला तिसरा खेळ, 'मॉरोविंड', प्रसिद्ध केला, तेव्हा संगणकावरील आवृत्तीसोबत खेळाची रचना बदलण्याची अवजारेही खेळाडूंना देऊन टाकली. कादंबरीकाराने कादंबरीबरोबर आपली लेखणी, दौत आणि कोरे कागदही वाचकाच्या स्वाधीन करावेत, तसा हा प्रकार. त्यानंतरच्या 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) या खेळांच्या बाबतीतही हीच प्रथा चालू राहिली. आज या तिन्ही खेळांचे मॉड हजारांच्या हिशेबात मोजावे लागतात. कोणी झाडांची पाने अधिक हिरवी केली आहेत, कोणी युद्धाचे नियम बदलले आहेत, कोणी नवी गावे वसवली आहेत, तर कोणी सबंध नवे कथानक रचले आहे.

आमचा मॉडला विरोध आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. मराठी साहित्याचा अभ्यासक तसा विरोध करू लागला तर त्याला आपल्या परंपरेचा निम्मा भाग मोडीत काढावा लागेल. आख्यानकाव्य हे दुसरे काय आहे? मोरोपंतांनी रामायण किती परींनी रचले! त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्णच येत नाहीत. ही करामत आहे खरी. परंतु ती कोणाला कळते? ज्याला रामकथा आधीच ठाऊक आहे त्यालाच. रामकथा न ऐकलेल्या माणसाच्या हाती पहिला ग्रंथ म्हणून निरोष्ठ रामायण ठेवले, तर त्याला त्यात काय टाळले आहे तेही कळणार नाही आणि काय साधले आहे तेही कळणार नाही. मॉडचे तेच आहे. प्रत्येक मॉड ही मूळ खेळावरची एक टीका असते. जुन्या अर्थाने टीका, म्हणजे भाष्य, आणि नव्या अर्थानेही टीका, म्हणजे दोषदिग्दर्शन. भाष्याची निवड करायची तर भाष्यविषय माहीत हवा, इतकी साधी ही गोष्ट आहे.

आता 'मॉरोविंड'चेच उदाहरण घेऊ, कारण नवख्याच्या हाती सर्वांत लांब यादी बहुधा याच खेळासाठी ठेवली जाते. या खेळाविषयीच्या तक्रारी सुप्रसिद्ध आहेत. तलवार शत्रूच्या अंगाला लागलेली दिसते, तरी वार फुकट जातो. कोठे जायचे ते दाखवणारा बाण नाही. नकाशावर बोट ठेवून क्षणार्धात दुसऱ्या गावी पोचण्याची सोय नाही. दूरवरचे सारे धुक्यात हरवलेले. आणि क्लिफ रेसर नावाचे ते कर्कश उडते प्राणी, जे रस्त्याने सुखाने चार पावले चालू देत नाहीत. यादी करणारा या प्रत्येक तक्रारीवर एकेक मॉड सांगतो : प्रत्येक वार लागू करणारा, दिशा दाखवणारा, धुके हटवणारा, पक्ष्यांना निरुपद्रवी करणारा. वरवर पाहता ही नवख्याची सेवाच आहे. परंतु जरा थांबून पाहू, या तक्रारी म्हणजे नेमके काय आहे.

वार फुकट का जातो? कारण या खेळात हात तुमचा असला तरी कसब पात्राचे आहे. शस्त्रातले प्रावीण्य, चपळाई, नशीब आणि अंगातला दम या साऱ्यांचा हिशेब होऊन वार लागला की नाही ते ठरते. धावत धावत दम संपवून आलेला, खंजीर कधी हाती न धरलेला इसम खंजिराने लढू लागला तर त्याचे वार हुकणारच. खेळाचा नायक हा जहाजातून उतरवलेला एक अनाम कैदी आहे. बाल्मोरा गावी ज्या केयस कोसेडीसकडे त्याला पाठवले जाते, तो त्याच्या हाती थोडे पैसे ठेवून सांगतो की, आधी जरा जग पाहा, काहीतरी शिक, मग ये. म्हणजे लेखकांनी आपल्या नायकाचे दुबळेपण कथेतही मांडले आहे आणि अंकगणितातही. हाच माणूस पुढे आकाशातून विहार करतो आणि देवत्व पावलेल्यांशी बरोबरीने बोलतो. त्या उंचीचे मोल आरंभीच्या फुकट गेलेल्या वारांनी चुकवलेले असते. प्रत्येक वार लागू करणारा मॉड पहिल्याच दिवशी घातला, की हे कर्जही नाही आणि त्याची फेडही नाही. उरतो तो एक मध्यम प्रतीचा मारामारीचा खेळ. आणि मग नवखा म्हणतो, या खेळाची एवढी ख्याती कशासाठी?

दिशादर्शक बाणाचेही तसेच. 'मॉरोविंड'मध्ये वाट माणसांना विचारावी लागते. पूल ओलांडा, ओढ्याच्या कडेने जा, फाटा लागला की डावीकडे वळा, अशा शब्दांत ती सांगितली जाते आणि रोजनिशीत उतरते. खेळाडूला ते वाक्य वाचावे लागते, समोरच्या भूमीशी ताडून पाहावे लागते, चुकले तर मागे येऊन पुन्हा वाचावे लागते. यातल्या काही खुणा चुकीच्याही आहेत, हे आम्ही नाकारत नाही. तथापि गद्य वाचून भूगोल शोधण्याचे हे काम या खेळाचा गाभा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला तर यात घरचाच आनंद मिळावा. धुक्याविषयीही असेच म्हणता येईल. ते त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादेतून आले, हे खरे. परंतु ते हटवले की दोन गावांमधले जे अंतर चालताना मोठे वाटत होते ते नजरेच्या टप्प्यात येते आणि व्हार्डनफेलचे विशाल बेट आक्रसून जाते. मर्यादेतून जन्मलेली गोष्टही कलाकृतीत अर्थपूर्ण होऊ शकते, हे वृत्तबद्ध कविता शिकवणाऱ्यांना तरी सांगायला नको.

राहता राहिले ते क्लिफ रेसर. त्यांचा उपद्रव आम्हालाही मान्य आहे. परंतु त्या उपद्रवाचे पुढे काय झाले ते पाहावे. 'मॉरोविंड'च्या आरंभी जहाजात आपल्याला जागे करणारा ज्यूब नावाचा एक कैदी आहे. पुढच्या खेळात, 'ऑब्लिव्हियन'मध्ये, लोकांच्या तोंडी अशी वदंता येते की, याच ज्यूबने क्लिफ रेसर बेटावरून हाकलून लावले आणि त्यासाठी त्याला संतपद मिळाले. लक्षावधी खेळाडूंचा वैताग अशा रीतीने कथासृष्टीचे पुराण झाला. ज्याने पहिल्याच दिवशी ते पक्षी निरुपद्रवी करून टाकले त्याला हा विनोद कोणी समजावून सांगितला तरी हसू येणार नाही.

मग यादी करणारे एवढे चुकतात कसे? आमच्या मते ते लबाड नाहीत आणि अडाणी तर मुळीच नाहीत. ते तृप्त आहेत. वीस वर्षांत त्यांनी हा खेळ इतक्यांदा खेळला आहे की बाल्मोराची वाट त्यांना डोळे मिटून चालता येते. आरंभीचे दुबळेपण त्यांना आता केवळ कंटाळवाणे वाटते, धुके केवळ अडथळा वाटते, कारण धुक्यापलीकडे काय आहे ते त्यांना पाठ आहे. त्यांची यादी म्हणजे त्यांच्या अजीर्णावरचे पाचक आहे. ते त्यांनी अवश्य घ्यावे. परंतु पहिल्या पंगतीला बसलेल्या भुकेल्या माणसाच्या पानात मीठ-लिंबाच्याही आधी पाचक वाढणे हा कोणता शिष्टाचार?

आमच्या विवेचनाला छेद देणारे एक उदाहरण मात्र येथे नोंदवले पाहिजे. ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'ट्रायब्यूनल' ही 'मॉरोविंड'ची अधिकृत पुरवणी २००२ सालीच निघाली. ती जोडली की, नायक अगदी आरंभीच्या अवस्थेत असला तरी झोपेत त्याच्यावर मारेकरी चालून येतात. नवखा एकतर मरतो, नाहीतर कसाबसा वाचून मारेकऱ्याचे मौल्यवान चिलखत विकतो आणि क्षणात श्रीमंत होतो. दोन्हीपरी मूळ खेळाची संथ लय मोडते. हा हल्ला पुढे ढकलणारे मॉड प्रत्येक यादीत असतात, आणि येथे यादी बरोबर आहे. प्रक्षेप येथे खुद्द मूळ प्रकाशकाचाच आहे आणि मॉड जुना पाठ परत आणतो! परंतु हे उदाहरण आमच्या बाजूनेच साक्ष देते. हा मॉड योग्य का, हे संहितेचा इतिहास माहीत असल्यावाचून सांगता येत नाही. यादीत तो हिरव्या पानांच्या आणि सुंदर चेहऱ्यांच्या मॉडशेजारी, त्यांच्याच तोलाचा म्हणून, निमूट उभा असतो. यादी नाव देते, कारण देत नाही. आणि कारणावाचून दिलेला सल्ला हा सल्ला नव्हे, तो हुकूम असतो.

म्हणून आम्हाला मॉडचे वर्गीकरण महत्त्वाचे वाटते. पहिला वर्ग दुरुस्तीचा : खेळ मध्येच बंद पडणे, एखादे काम अर्धवट अडकणे, संवादातली मुद्रणदोषवजा चूक. 'मॉरोविंड'साठी 'पॅच फॉर प्युरिस्ट्स' नावाचा मॉड आहे. खेळाच्या रचनेला हात न लावता केवळ निःसंशय चुका सुधारायच्या, अशी त्याची प्रतिज्ञा नावातच आहे. जुना खेळ आजच्या यंत्रांवर नीट चालवणारी 'ओपनएमडब्ल्यू' ही मुक्त प्रणालीही याच बाजूची. अक्षरे मोठी करणे, रंग ओळखता न येणाऱ्यांसाठी केलेले फेरफार, हे तर वाचकाच्या चष्म्यासारखे आहेत. त्यांवर आक्षेप घेणारा माणूस अरसिकच नव्हे, निर्दयही म्हटला पाहिजे. या वर्गातले मॉड नवख्याने पहिल्या दिवशी खुशाल घ्यावेत. दुसरा वर्ग सजावटीचा, तिसरा पाठांतराचा म्हणजे नियम बदलणाऱ्यांचा, आणि चौथा स्वतंत्र रचनेचा. या तिन्ही वर्गांना आमचे म्हणणे एकच : थांबा, आधी ओळख होऊ द्या.

अर्थात दुरुस्ती कोठे संपते आणि संपादन कोठे सुरू होते, हा वाद तेथेही आहेच. 'स्कायरिम'मध्ये एक प्रसिद्ध पळवाट होती. उपचारविद्येचा प्रभाव वाढवणारे पेय प्यायचे, रसायनविद्या वाढवणारी आभूषणे उतरवून पुन्हा घालायची, म्हणजे त्या आभूषणांचे सामर्थ्य वाढते. मग अधिक प्रभावी पेय बनवायचे, आणि हे चक्र वाटेल तितके फिरवायचे. 'अनऑफिशियल पॅच' या नावाने सर्वत्र 'अत्यावश्यक' गणल्या गेलेल्या दुरुस्तीने शेकडो खऱ्या चुका सुधारल्या आणि ही पळवाटही बुजवली. ही चूक होती, की खेळाडूंना सापडलेली गंमत? कोणी काहीही म्हणो. पण निर्णय संपादकाने घेतला, आणि नवख्याला असा काही निर्णय घेतला गेल्याचे कळलेदेखील नाही.

कळणे हाच येथे कळीचा मुद्दा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा बाराशेंहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली आणि १९६६ साली ते कार्य पुरे झाले. परंतु संपादकांनी गाळलेला मजकूर फेकून दिला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. वाचकाला आजही दिसते की मूळ म्हणून काय मानले, भर म्हणून काय मानले. मॉडच्या व्यवस्थेत असे काही दिसत नाही. दोन मॉड एकाच गोष्टीला हात लावत असतील तर सामान्यतः क्रमाने शेवटी आलेल्याचा शब्द टिकतो, आधीच्याचा पुसला जातो. दोनशे मॉडांच्या गर्दीत समोरच्या पात्राचे वाक्य मूळ लेखकाचे, की कोणा हौशी भाविकाचे, हे खेळणाऱ्याला सांगता येत नाही. मग तो 'मला मॉरोविंड भावला नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याने कशाविषयी मत दिले? दोनशे संपादकांच्या, एकमेकांना न भेटलेल्या मंडळाच्या एका संकलनाविषयी.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, खेळ जुना आहे, ओबडधोबड दिसतो, सजवल्याशिवाय आजच्या पिढीला रुचणार नाही. हाच युक्तिवाद आम्ही जुन्या ग्रंथांविषयी रोज ऐकतो. जुनेपणाची सवय तास-दोन तासांत होते, मात्र ते दोन तास द्यावे लागतात. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा : खेळ माझा, यंत्र माझे, करमणूक माझी. मान्य. परंतु तयार यादी, किंवा आता तर एका कळीसरशी शेकडो मॉड उतरवून देणारे तयार संच, ही निवड तुमची कोठे आहे? तुम्ही निवड केली ती निवडकर्त्याची. तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. नोकरी-संसारातून आठवड्याला चार तास मिळणारा माणूस म्हणतो, मला दुसरी फेरी कधीच जमणार नाही. एकदाच खेळायचे तर उत्तमात उत्तम रूपात का नको? त्याला आमचे उत्तर असे : आम्ही शंभर तास मागत नाही. दहा तास द्या. केयस कोसेडीसची पहिली दोन-तीन कामे होऊ द्या, एकदा वाट चुकू द्या. मग जे खुपते ते खरेच तुम्हाला खुपते की नाही हे तुमचे तुम्हाला कळेल. आणि दहा तासांनंतर खेळ सोडून दिलात तरी हरकत नाही. तोही एक अभिप्रायच आहे, आणि तो स्वतःचा आहे.

यादीचा आणखी एक जाच आहे. 'मॉरोविंड'ला मूळ एक जीबी जागा पुरे होती. तयार संच त्याच्या कित्येक पट जागा मागतात, आणि त्याच प्रमाणात महागडे यंत्रही. आमच्या वर्गातल्या मुलांचे लॅपटॉप बेताचे असतात. 'अत्यावश्यक' हा शब्द वाचून त्यांचा समज असा होतो की, एवढे सारे जमल्याशिवाय हा खेळ खेळण्याची आपली पात्रताच नाही. वस्तुतः जो खेळ त्यांच्या यंत्रावर सहज चालला असता त्याच्या दारावर एका विशेषणाने कुलूप लावले.

नवख्याला व्यवहारात उपयोगी पडेल असे आमचे मागणे थोडके आहे. दुरुस्तीपलीकडचा मॉड घेण्यापूर्वी तो कोणती उणीव भरून काढतो ते स्वतःच्या एका वाक्यात लिहावे. लिहिता आले नाही तर ती उणीव अजून तुमची झालेली नाही. एका वेळी एकच मॉड घालावा आणि फरक पाहावा. मॉडकर्त्याने लिहिलेले निवेदन शेवटपर्यंत वाचावे. प्रस्तावना वाचतो तसे. चालू खेळातून मॉड मध्येच काढू नये, कारण त्याच्या खुणा जतन केलेल्या खेळात राहून तो बिघडू शकतो. म्हणून मूळ खेळाची नोंद वेगळी ठेवावी. आणि पहिली फेरी झाली की मग मात्र हात आखडू नये. 'टॅमरिएल रीबिल्ट' या प्रकल्पात हौशी लेखक-रचनाकार दोन दशकांहून अधिक काळ बेटापलीकडची सारी मुख्य भूमी उभारत आहेत. 'स्कायरिम'वरच्या 'द फॉरगॉटन सिटी' या मॉडला २०१६ साली ऑस्ट्रेलियातील लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली तो स्वतंत्र खेळ म्हणून पुन्हा अवतरला. अशा रचनांचे कौतुक करायचे तर त्या ज्या भूमीवर उभ्या आहेत ती आधी पायाखालून गेलेली हवी. कोऱ्या नवख्याला त्या दाखवणे हा मॉडकर्त्यांचाही अपमान आहे, कारण त्यांचे श्रम मग कोणाला दिसतच नाहीत.

हे सर्व आम्ही येथे, साहित्याच्या व्यासपीठावर, का लिहावे? कारण 'सर, कादंबरी वाचण्याआधी कोणते समीक्षाग्रंथ पाहू?' हा प्रश्न आम्हाला दरवर्षी विचारला जातो, आणि तो विचारणारी मुले बहुधा आळशी नसून भिडस्त असतात. मूळ संहितेला आपण एकटे सामोरे गेलो तर आपले काहीतरी चुकेल, आपल्याला कंटाळा येईल आणि तो कंटाळा आपलाच दोष ठरेल, असे त्यांना वाटते. या भयावर यादी हा उतारा नव्हे, ती त्या भयाची जोपासना आहे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पण त्यासाठी त्यांना आधी ती वाचावी लागली होती. 'मॉरोविंड'मध्ये कथानकाला आवश्यक असलेल्या माणसाला तुम्ही ठार मारलेत तरी खेळ हात धरत नाही. भवितव्याचा धागा तुटला एवढे सांगतो. हवे तर मागे फिरा, नाहीतर या मोडलेल्या जगात राहा, अशी मुभा देतो. खेळाडूवर, म्हणजेच वाचकावर, एवढा विश्वास टाकणारी संहिता विरळा असते. तिच्याकडे पहिल्या भेटीला जाताना दुभाष्यांचा तांडा बरोबर नेऊ नये.